आजीची अडतीस पेर्श

(शताब्दी सोहळ्यात गावाच्या सभागृहात केलेले भाषण)



आगमन शताब्दीच्या या कार्यक्रमात बोलण्याची संधी दिल्याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. आम्ही प्राथमिक शाळेत मराठी शिकवणारे लोक. टीचर्स सर्टिफिकेट घेतलं, खडू हातात धरला आणि त्यातच केस पांढरे झाले. मोठ्या व्यासपीठावर बोलायची सवय नाही. तेव्हा वर्गात बोलतो तसंच बोलू, आपण सांभाळून घ्यावं.

मागच्या आठवड्यात वर्गात एका मुलाने विचारलं, "टीचर, आपले लोक तर जहाजाने फार आधी आले ना? मग आता शंभर वर्षं कशी?" प्रश्न बरोबर आहे. मॉरिशसला मजूर आणणं १८३४ मध्ये सुरू झालं. मुंबई बंदरातून आपले कोकणातले लोक आले ते प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या ते चढले. त्या घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, हे मुलांना पाठ आहे. मग शंभर वर्षं कशाची? आपण साजरं करतो आहोत ते दुसरं आगमन. ताब्लिसमांच्या कॅम्पातून, म्हणजे साखर मळ्याच्या चाळीतून निघून आपली माणसं या गावात स्वतःच्या जागेवर राहायला आली, ते हे आगमन. जहाजाने आलो तेव्हा पायाखालची जमीन मालकाची होती. इथे आलो तेव्हा ती आपली झाली. आमच्या मते दुसरं आगमन पहिल्याइतकंच मोठं आहे. त्याला सोळा पायऱ्या नाहीत, म्हणून त्याचा फोटो कोणी काढत नाही एवढंच.

आज आम्हाला घराबद्दल आणि जागेबद्दल बोलायचं आहे. आमच्या घरात गेल्या दीड वर्षात जे घडलं ते सांगतो. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नये असं म्हणतात, पण आम्ही भावंडांनी बसून ठरवलं की सांगावी. कारण या सभागृहातल्या निम्म्या घरांत हीच गोष्ट आज ना उद्या घडणार आहे.

आपला पश्चिमेचा भाग बेटातला सर्वांत कोरडा. वर पठारावर क्यूरपीपला छत्रीशिवाय महिना जात नाही. इथे किनाऱ्यावर वर्षाला हजार मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. उसाला पाणी पाजावं लागतं, बाभळीची झुडपं वाढतात, आणि तामारँला मिठागरं चालली ती याच उन्हावर. त्या मिठागरांत डोक्यावर टोपल्या घेऊन मीठ वाहणाऱ्या बायका आमच्या लहानपणी रोज दिसायच्या. या उन्हाला आपले लोक शिव्या द्यायचे. लग्नाची मुलगी पठारावर द्यायची म्हटलं की आईला आनंद व्हायचा, पाण्याची ददात नाही म्हणून. आता त्याच उन्हाला भाव आला आहे. युरोपातून माणूस येतो तो याच उन्हासाठी. रांपार डोंगर खिडकीतून दिसतो, समुद्र गच्चीतून दिसतो आणि पाऊस नाही. जाहिरातीत हे सगळं लिहिलेलं असतं. उसाच्या शेतात आजोबा ज्या डोंगराकडे पाठ करून वाकायचे, त्या डोंगराच्या दर्शनाचे आता पैसे पडतात.

हे आपोआप झालेलं नाही. २००२ मध्ये सरकारने आयआरएस योजना आणली. परदेशी माणसाला या देशात सहजासहजी घर घेता येत नसे, त्या योजनेने किमान पाच लाख डॉलरच्या घराला परवानगी दिली. नंतर आरईएस आली, २०१५ मध्ये पीडीएस आणि स्मार्ट सिटी आली. आज पावणेचार लाख डॉलरचं घर या योजनांतून घेतलं की राहण्याचा परवाना मिळतो. साखरेचा धंदा बसत गेला, कारखाने एकेक करून बंद पडले, मेदीनचं धुराडंही थंड झालं. उसाच्या जागी बंगले आले, दुकानांची संकुलं आली, शाळा-कॉलेजं आली. आम्ही याच्या विरुद्ध बोलायला उभे नाही. आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांना तिथे नोकऱ्या मिळाल्या. आमचा भाचा तिथेच बागा सांभाळतो आणि त्याचा पगार ऊस तोडणाऱ्या त्याच्या आजोबांपेक्षा खूप बरा आहे. पण बंगल्यांची हद्द गावाच्या हद्दीला टेकली की गावातल्या जमिनीचा भावही बंगल्यांचा होतो. गावातला तरुण शिक्षक, तरुण पोलीस, तरुण नर्स आपल्याच गावात दहा पेर्श जागा घेऊ शकत नाही. त्याला बापाच्या छतावर तरी बांधायला हवं, नाहीतर दुसरीकडे जायला हवं.

छतावरून आठवलं. आपण क्रिओलमध्ये काँक्रीटच्या छताला 'दाल' म्हणतो. निबंधात मुलं लिहितात, 'आमच्या घरावर दाल आहे'. आम्ही लाल पेनाने खूण करतो आणि मनात हसतो. पण या दालचा इतिहास मुलांना सांगायला हवा. १९६० च्या जानेवारीत आलिक्स वादळ आलं, आणि फेब्रुवारीच्या अखेरीला कॅरोल. कॅरोलचा वारा ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर गेला होता. आमचं घर तेव्हा गवताने शाकारलेलं, भिंतींना शेणामातीचा गिलावा. आई सांगायची, छप्पर उडालं ते दिसलंच नाही. एकदम आभाळ दिसलं. आजोबांनी लाकडी खाट उपडी केली, मुलांना तिच्याखाली घातलं आणि स्वतः वर बसले. देवघरातला गणपतीचा फोटो काकीच्या पोटाशी होता. सकाळी गावात उभी होती ती दोन-तीन दगडी घरं आणि दुकान.

त्यानंतर आपल्या लोकांनी ठरवलं की पुन्हा गवत नको. ब्लॉक घातले, एक खोली बांधली, मग दुसरी. दाल ओतायचा दिवस म्हणजे लग्नाचाच दिवस. पहाटेपासून अख्खं गाव घमेली घेऊन हजर, बायका मोठ्या देगीत जेवण रांधतायत, आणि मजुरी कोणी मागत नाही, कारण पुढच्या रविवारी त्याच्या घरची दाल असते. आमच्या घराची दाल अशीच १९६२ साली पडली. तिच्या चारी कोपऱ्यांतून लोखंडी सळ्या वर काढून ठेवल्या होत्या. पुढे मुलगा मोठा होईल, लग्न होईल, वर मजला चढेल, त्यासाठी. अशा सळ्या या देशात घरोघरी दिसतात. बंगल्यांतला एक गृहस्थ एकदा शाळेच्या कार्यक्रमाला आला होता. तो म्हणाला, तुमची घरं छान आहेत, पण अर्धवट का ठेवता? आम्ही त्याला सांगितलं, अर्धवट नाहीत, वाट पाहतायत. त्याला ते समजलं की नाही, देव जाणे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

दीड वर्षापूर्वी, दिवाळीच्या सुमारास, एक सभ्य तरुण माणूस घरी आला. जमिनीचा दलाल. आमची जागा अडतीस पेर्श. लहान मुलांसाठी सांगतो, एक पेर्श म्हणजे बेचाळीस चौरस मीटरहून थोडी जास्त. शंभर पेर्शचा एक आर्पां. त्याने सगळी जागा मागितली, एकरकमी, आणि आकडा सांगितला. तो आकडा आम्ही इथे सांगत नाही. एवढंच सांगतो की धाकट्या काकी उभ्या होत्या त्या खाली बसल्या. आमच्या उभ्या नोकरीत इतका पगार हातात आला नव्हता. त्याची अट एकच, तीन महिन्यांत सगळ्या वारसांच्या सह्या.

वारस कोण? आम्हाला वाटत होतं, सोपं आहे. पणजोबांनी जागा घेतली, त्यांना तीन मुलगे, तीन मुलग्यांचे आम्ही सगळे. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली गोष्ट अशी की पणजोबा मळ्यावर सिर्दार होते. पहिल्या महायुद्धानंतर साखरेचा भाव कडाडला, त्यात पणजोबांनी चार पैसे गाठीला बांधले आणि कॅम्प सोडला. साखरेचा भाव चढला होता, तो १९२० नंतर कोसळला, हा इतिहास खरा आहे. पुष्कळांनी तेव्हा जमिनी घेतल्या आणि पुष्कळ जण कर्जात बुडाले. तेव्हा गोष्टीवर शंका घ्यायचं कारण नव्हतं. पणजोबांचा फेटा घातलेला फोटो बैठकीत आहे, त्याला दर गणपतीला हार घालतो.

पण विकायचं तर नोतेरला कागद लागतो. कागद घरात नव्हता. म्हणाल तर पेटी होती, पेटीत वाळवी होती. मग आम्ही पोर्ट लुईला गेलो. खरेदीखतांची नक्कल सरकारी वह्यांत असते, वहीचा आणि कागदाचा क्रमांक माहीत असेल तर काम सोपं, नसेल तर नावावरून शोधायचं. आणि आपली नावं म्हणजे काय गोंधळ, ते तुम्हाला सांगायला नको. आलेल्या माणसाचं नाव विचारलं, त्याने स्वतःचं सांगितलं, बापाचं सांगितलं. कारकुनाने कानाला लागलं तसं फ्रेंच नाहीतर इंग्रजी अक्षरांत लिहिलं. बापाचं नाव आडनाव झालं. एकाच घरात तीन भावांची तीन आडनावं, एकाला शेवटी 'जी', दुसऱ्याला नाही. गावाकडचं खरं आडनाव समुद्रात पडलं. आम्ही पणजोबांचं नाव चार प्रकारे लिहून शोधलं. चारही प्रकारांत जागा सापडली नाही.

मग मोक्याला महात्मा गांधी संस्थेत गेलो. आप्रवासी मजुरांच्या जुन्या वह्या तिथे आहेत. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जहाज, जिल्हा, गाव. पणजोबांच्या वडिलांची नोंद तिथे सापडली. जिल्हा रत्नागिरी, गावाचं नाव असं लिहिलेलं की कोकणातला माणूसही ओळखणार नाही. उजव्या भुवईवर व्रण. आम्ही भावंडं एकमेकांच्या भुवया बघत बसलो. त्या दिवशी आनंद झाला, पण जमिनीचा पत्ता नव्हताच.

पत्ता लागला तो आमच्या धाकट्या बहिणीमुळे. ती म्हणाली, पणजोबांचंच नाव का शोधतोय आपण? पणजीचं शोधू या. आम्ही हसलो. आणि पणजीच्या नावावर कागद निघाला.

फ्रेंचमध्ये लिहिलेला, शंभर वर्षांपूर्वीचा. एका मोठ्या जागेचे तुकडे पाडून विकले, म्हणजे आपण मोर्सेलमां म्हणतो तसं, त्यातला एक तुकडा. विकत घेणारी पणजी. धंदा, दूध विकणे. आणि तिच्या नावापुढे दोन शब्द होते, 'फीय माझेर'. आम्ही त्याचा अर्थ विचारला. अर्थ असा की सज्ञान, अविवाहित मुलगी.

काकींनी तोंडावर हात ठेवला. पणजीला तेव्हा चार मुलं होती. पणजोबा जिवंत होते. अविवाहित कशी?

नोतेरने समजावून सांगितलं, आणि ते आपण सगळ्यांनी ऐकण्यासारखं आहे. आपल्या लोकांची लग्नं भटजींनी लावलेली, सप्तपदी झालेली, गावजेवण झालेलं. पण सरकारी दप्तरात जाऊन नोंद केली नाही तर कायद्याच्या लेखी लग्न झालंच नाही. अशा हजारो आज्या-पणज्या कागदावर अविवाहित राहिल्या, त्यांची मुलं कागदावर बिनलग्नाची ठरली. या अपमानाची, आणि वारसाहक्कात त्याने झालेल्या नुकसानाची बोच आपल्या समाजाला कितीतरी वर्षं होती. पण यात एक गंमत आहे. त्या काळच्या नेपोलियनच्या कायद्यात विवाहित बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नसे. अविवाहित सज्ञान बाईला येत असे. सरकारने पणजीला बायको मानलं नाही, म्हणून ती कोणाची परवानगी न घेता मालकीण झाली. तिने हे जाणून केलं का? आम्हाला ठाऊक नाही. सहीच्या जागी फुली आहे. फुलीवरून काय कळणार? पण फुली चांगली ठसठशीत आहे, कागद फाटेल इतकी दाबून काढलेली.

आणि पणजोबांनी चार पैसे गाठीला बांधले ती गोष्ट? घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्यांना विचारलं. त्या नव्वदीच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादांचे पैसे दुकानात जायचे. आजीच्या दोन गाई होत्या." बस्स, एवढंच. इतकी वर्षं का सांगितलं नाही? तर म्हणाल्या, कोणी विचारलं नाही. दुकानात म्हणजे रमच्या दुकानात, हे मोठ्यांना कळलं असेल.

कागद मिळाला म्हणून आम्ही खूश. पण त्याच कागदाने दुसरी अडचण उभी केली. पणजीला तीन मुलगे, आणि एक मुलगी. ती मुलगी लग्न होऊन व्हाक्वाला गेली आणि आमच्या गोष्टीतून नाहीशी झाली. आपल्याकडे रीत अशी की मुलगी दिली, संपलं. पण इथला कायदा मनूचा नाही, कोद सिव्हिल आहे. मुलगा-मुलगी सारखे. म्हणजे अडतीस पेर्शचे तीन वाटे नाहीत, चार. प्रत्येक शाखेला साडेनऊ पेर्श. व्हाक्वाच्या शाखेने शंभर वर्षांत एकदाही मागणी केली नव्हती, कारण त्यांना माहीतच नव्हतं.

घरात रात्री बैठक झाली. आता जे सांगतो ते सांगायला जड जातं. आमच्यातल्याच एकाने, नाव घेत नाही, तो आमचाच आणि आम्हाला प्रिय, त्याने सुचवलं की तीस वर्षांच्या ताब्याचा कायदा आहे. प्रेस्क्रिप्स्यों. आम्ही इथे शंभर वर्षं राहतोय, ते कधी राहिले? शपथपत्र करू, आर्पांतेरकडून मोजणी करून घेऊ, दोन साक्षीदार उभे करू, वर्तमानपत्रात बारीक अक्षरात नोटीस येईल, व्हाक्वाला कोण वाचतंय ती? तीन महिन्यांत काम होईल. खोलीत कोणी बोललं नाही. खरं सांगायचं तर आमच्यातल्या काहींना ते पटलंही होतं. पैसा डोळ्यांसमोर होता. मेलबर्नच्या चुलतभावाचं कर्ज होतं, एका पुतणीचं कॉलेज होतं, आमच्याही घराची दाल गळत होती.

आम्ही शिक्षक मंडळी वाचतो थोडंफार. या देशात सत्य आणि न्याय आयोग बसला होता, त्याचा अहवाल २०११ मध्ये आला. गुलामगिरी आणि मजूरप्रथेचे परिणाम त्याने तपासले, आणि जमिनी कशा गेल्या याची प्रकरणंच्या प्रकरणं त्यात आहेत. क्रिओल बांधवांच्या, आपल्या लोकांच्याही. त्यातल्या पुष्कळ जमिनी ज्या वाटेने गेल्या ती हीच वाट. शपथपत्र, साक्षीदार, बारीक अक्षरातली नोटीस, आणि वाचू न शकणारा मालक. ते वाचून आम्ही हळहळलो होतो. आणि आता आम्हीच ती नोटीस लिहायला बसलो होतो, ज्या बाईने गाईचं दूध विकून जागा घेतली, तिच्याच मुलीच्या लेकरांविरुद्ध. धाकटी बहीण उठली आणि म्हणाली, असं करायचं असेल तर बैठकीतला पणजोबांचा फोटो राहू दे, पण गणपतीत पणजीचं नाव घेऊ नका.

पुढच्या रविवारी आम्ही पाच जणी व्हाक्वाला गेलो. पत्ता शोधायला फार वेळ लागला नाही. लग्नकार्याला बोलावणारी एक जुनी यादी काकींच्या आठवणीत होती. आत्याआजीच्या नातीने दार उघडलं, आमच्याच वयाच्या बाई. भुवईकडे आमचं लक्ष गेलंच. पाऊस पडत होता, अर्थात. त्यांनी चहा केला, समोसे ठेवले, आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "सही हवी असेल ना?" त्यांच्या आईने त्यांना सांगून ठेवलं होतं, माहेरचे लोक कधी आले तर सहीसाठीच येतील. आत्याआजीला लग्नात कानातलं दिलं होतं, आणि तिला सांगितलं होतं की तुझा वाटा कानात आहे. ते कानातलं १९६० च्या वादळानंतर पत्रे घ्यायला विकलं गेलं.

आम्ही कागदाची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांना फ्रेंच चांगलं येतं, आमच्यापेक्षा चांगलं. त्यांनी पूर्ण वाचला. फुलीवर बोट ठेवून बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, विकायचं की नाही ते तुम्ही ठरवा, आमचं पोट त्या जमिनीवर नाही. पण कागदावर आईचं नाव लागलं पाहिजे.

दलालाचे तीन महिने उलटले, तो दुसऱ्या घराकडे गेला. त्याचा आम्हाला राग नाही. त्याचं काम त्याने केलं, खोटं काही बोलला नाही.

आता काय चाललं आहे ते सांगतो. आर्पांतेरने मोजणी केली. जुने बोर्न, म्हणजे हद्दीचे दगड, चारपैकी तीन सापडले. चौथा शेजाऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याखाली आहे, आणि शेजारी म्हणतात की तो दगड नाही, पायरी आहे. ते मिटेल. चार वाट्यांचा नकाशा झाला. एका शाखेला पैसे हवेत, त्यांचा हक्क आहे, त्यांना अडवणारे आम्ही कोण? कायदाही म्हणतो की कोणालाही सामाईक मालकीत जबरदस्तीने ठेवता येत नाही. त्यांचा वाटा पुतण्या घेणार आहे, हप्त्याने, बाजारभावापेक्षा कमी आणि त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त. यावरून घरात दोन वेळा आवाज चढले. मेलबर्नच्या चुलतभावाचं कुलमुखत्यारपत्र अजून आलेलं नाही. तो म्हणतो, बंगल्याच्या भावाने का नाही? त्याच्या जागी आम्ही असतो तर कदाचित हेच म्हटलं असतं. परदेशात राहणाऱ्याला गावातलं घर परतायची जागा वाटते आणि त्याच वेळी बँकेतली ठेवही वाटते. त्याच्याशी दर शनिवारी फोनवर बोलतो.

देवघर असलेली पुढची खोली आणि तिच्यासमोरची चार पेर्श अंगणाची जागा आम्ही वाटणीबाहेर ठेवली आहे, चौघांच्या नावावर. नोतेरने इशारा दिला, सामाईक जागा म्हणजे पुढच्या पिढीचं भांडण. खरं आहे. पण गणपती कुठे बसवायचा? पूर्वी आपला गणपती उसाच्या वाटेने सरळ फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्यावर जायचा, झाकडी नाचत, मागून पोरं ओरडत. आता त्या वाटेवर फाटक आहे आणि फाटकावर पहारेकरी, म्हणून डांबरी रस्त्याने फेरा घालून जातो. समुद्राजवळच्या पन्नास पावलांची पट्टी, साधारण एक्याऐंशी मीटर, सरकारची आहे, ती कोणी विकत घेऊ शकत नाही. म्हणजे गणपतीच्या प्रवासाचं शेवटचं टोक कायद्याने शाबूत आहे. सुरुवातीचं टोक आपण राखायचं आहे. मधल्या फाटकाचं मंडळाने बघावं. अध्यक्ष महोदय, हा अर्ज समजावा.

मागच्या गणपतीला व्हाक्वाहून नऊ जण आले. बायकांनी मोदक केले, आमचे फुटले, त्यांचे नाही. बैठकीत पणजोबांच्या फोटोशेजारी आता कागदाची प्रत काचेत लावली आहे. पणजीचा फोटो कोणाकडेच नाही. मुलं विचारतात, पणजी दिसायची कशी? आम्ही फुली दाखवतो.

वेळ झाली अशी खूण होते आहे. शेवटी एक निवेदन. येत्या दोन शनिवारी सकाळी नऊपासून आम्ही शाळेतल्या तिसऱ्या वर्गात बसणार आहोत. एक निवृत्त नोतेर-कारकून मदतीला येतील, मानधन घेणार नाहीत, जेवण मात्र घेणार. घरात जे कागद असतील ते आणावेत. खरेदीखत, जन्मनोंद, जुन्या पावत्या, आप्रवासी तिकीट, वाळवीने खाल्लेलेही चालतील. कागद नसेल तर नव्वदीच्या पुढचं माणूस आणावं. आणि सोबत घरातल्या मुलींची नावं लिहून आणावीत, दिलेल्या मुलींचीसुद्धा, किती पिढ्या आठवतात तेवढ्या. वर्गातली बाकं लहान आहेत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या मागवल्या आहेत.